दर्या, दऱ्या आणि डॉस

महाड ही मुळात उतारपेठ. मोठी गलबते खाली दासगावपाशी थांबत, लहान पडाव सावित्रीची भरती साधून वरपर्यंत येत आणि पेठेत माल उतरून तो बैलांच्या पाठीवर चढे. पुढे वरंध किंवा पारघाट चढून तो देशावर जाई; देशावरचा माल त्याच वाटेने उलटा उतरे. या व्यवस्थेत तांडेलाला घाटाची चढण ठाऊक नसली तरी चाले आणि बैल हाकणाऱ्याला भरती-ओहोटीचे वेळापत्रक माहीत नसले तरी अडत नसे. दोन्हीकडचे ज्ञान एकाच ठिकाणी, पेठेत, साठलेले होते. लहान संगणकांच्या पहिल्या लोकप्रिय ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे सीपी/एमची गोष्ट सांगताना मला ही पेठ पुनःपुन्हा आठवते. या सिस्टिमचा इतिहास बहुतेक वेळा दोन माणसांची शर्यत म्हणून सांगितला जातो: गॅरी किल्डॉल हरला, बिल गेट्स जिंकला. माझे म्हणणे असे की खरा शोध त्या पेठेचा होता आणि पुढचा सगळा झगडा पेठेवर कोण बसणार, याचा होता. मराठी अक्षरे संगणकात कशी शिरली आणि मध्येच कशी भरकटली, याचा उलगडाही शर्यतीच्या गोष्टीने होत नाही, पेठेच्या गोष्टीने होतो.

पेठ नसते तेव्हा काय होते, हे आधी पाहू. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते, त्या काळात, 1956 च्या सुमारास, तिथे एचईसी-2एम हा देशातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक चालू झाला. (अर्थमंत्री, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मेघदूताचे मराठी भाषांतरकार ही त्यांची ओळख सर्वांना असते; ही बाजू सहसा निसटते.) त्या यंत्राला ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. स्मृतीच्या फिरत्या ढोलावर कोणता आकडा कुठे आहे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच सांभाळावे लागे. प्रोग्राम आणि यंत्र एकमेकांना शिवलेले. दुसऱ्या यंत्रावर तो कागद रद्दी. वीस वर्षांनी, जानेवारी 1975 मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर 8800 झळकला आणि घरात ठेवता येईल असा संगणक हौशी लोकांच्या हाती आला, तेव्हा हीच अडचण नव्याने उभी राहिली. फरक इतकाच, की आता यंत्रे बनवणाऱ्या डझनावारी लहान कंपन्या होत्या आणि प्रत्येकीची जोडणी वेगळी होती. एकासाठी लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालवायचा, तर डिस्कपासून पडद्यापर्यंतचा भाग पुन्हा लिहावा लागे.

किल्डॉल हा कॅलिफोर्नियातल्या माँटेरी इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवत असे आणि इंटेल कंपनीला सल्लाही देई. इंटेलच्या 8080 या चिपसाठी त्याने पीएल/एम ही भाषा लिहिली होती. शुगार्ट कंपनीचा आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह त्याच्याकडे आला, जॉन टोरोड या मित्राने तो चिपला जोडणारे सर्किट बनवून दिले आणि 1974 मध्ये त्या ड्राइव्हवरच्या फाइली सांभाळणारा एक छोटा प्रोग्राम तयार झाला. इंटेलला त्यात रस वाटला नाही. मग किल्डॉल आणि त्याची पत्नी डोरोथी यांनी तो स्वतःच विकायला काढला. कंपनीचे नाव आधी इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च, पुढे नुसते डिजिटल रिसर्च. इथवर ही एका कुशल प्रोग्रामरची गोष्ट आहे, आणि असे कुशल प्रोग्रामर तेव्हा बरेच होते. कलाटणी मिळाली ती आयएमएसएआय या कंपनीच्या यंत्रावर सिस्टिम चढवताना. तेच काम पुन्हा करायचा कंटाळा येऊन किल्डॉलने सिस्टिमचे तुकडे पाडले. आज्ञा ऐकणारा भाग वेगळा, फाइलींचा हिशेब ठेवणारा वेगळा, आणि विशिष्ट यंत्राची खोड जाणणारा सगळा मजकूर तिसऱ्या, सर्वांत लहान भागात. या तिसऱ्या भागाला त्याने बायॉस हे नाव दिले. नवे यंत्र आले की बायॉस तेवढा नवा लिहायचा. बाकी सगळे जसेच्या तसे. मालाला कळायचेच नाही की पडाव बदलला. 64 किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात ही सगळी सिस्टिम जेमतेम काही किलोबाइटमध्ये मावे. आठ इंची एका तबकडीवर अडीचशे किलोबाइट मजकूर राही. आज मोबाइलवर पाठवलेला एखादा फोटोही त्याहून मोठा असतो.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे: सीपी/एममध्ये नवे काय होते? ड्राइव्हला अक्षराने ओळखणे, फाइल हलवण्यासाठी ‘पिप’ ही आज्ञा, आठ अधिक तीन अक्षरांची फाइलनावे, या गोष्टींचे मूळ डीईसीसारख्या कंपन्यांच्या मोठ्या यंत्रांवर दाखवता येते. आक्षेप खरा आहे, पण तो दुकानाच्या पाटीवर आहे, पेठेवर नाही. डीईसीची सिस्टिम डीईसीच्याच यंत्रांसाठी होती. आपल्या पडावाने आपलाच माल आपल्याच धक्क्यावर उतरवावा तशी. एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकच धक्का मिळाला, तो सीपी/एममुळे. पुरावा हवा तर बाजारात पाहावा. आयएमएसएआयमध्ये काम केलेल्या सेमूर रुबिन्स्टाइनच्या नव्या कंपनीने वर्डस्टार काढले, डीबेस टू आले, आणि हे प्रोग्राम विकणाऱ्यांना यंत्र कोणाचे हे विचारायची फारशी गरज उरली नाही. अॅपल टूमधली चिप वेगळ्या घराण्याची, त्यावर सीपी/एम चालणे शक्यच नव्हते. तर 1980 मध्ये मायक्रोसॉफ्टने झेड-80 चिप बसवलेले एक कार्डच विकायला काढले, ज्यामुळे अॅपलच्या पोटात सीपी/एम चालू लागले. पुढे ज्यांनी सीपी/एमला बाजूला सारले, त्यांनी आधी त्याच्यासाठी लाकूडतोड केली होती, ही मजा नोंदवण्यासारखी आहे. हे कार्ड ध्यानात ठेवावे. सिस्टिमला जे जमत नाही ते यंत्रात एक पाटी खोचून साधायचे, ही युक्ती पुढे आपल्याकडेही येते.

आयबीएमची गोष्ट मी लवकर उरकतो, कारण ती गरजेपेक्षा जास्त सांगून झाली आहे. आयबीएमचे लोक दारात आले तेव्हा किल्डॉल विमान उडवायला गेला होता, ही दंतकथा त्याच्या माथी कायमची बसली. प्रत्यक्षात तो विमानाने एका ग्राहकाकडे कामाला गेला होता. गोपनीयतेच्या करारावरून बोलणी अडली, आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे गेली, आणि मायक्रोसॉफ्टने सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समधल्या टिम पॅटरसनने लिहिलेली, सीपी/एमच्या वळणाची सिस्टिम विकत घेतली. 12 ऑगस्ट 1981 रोजी आयबीएम पीसी बाजारात आला. (त्याच वर्षी आपल्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, कागदपत्रे बदलण्याचे काम दोन्हीकडे बरेच निघाले असणार.) पीसीबरोबर ही विकत घेतलेली सिस्टिम डॉस या नावाने 40 डॉलरला मिळे आणि सीपी/एमची नवी आवृत्ती 240 डॉलरला. गिऱ्हाइकाने काय निवडले असेल हे सांगायला नको. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की सीपी/एम गेले तरी त्याची रचना टिकली. डॉसमध्येही तेच तीन थर, तीच ए आणि बी ही ड्राइव्हची नावे, तीच आठ-तीनची फाइलनावे. पेठ तीच, व्यापारी बदलला.

पण घरगुती संगणकांचे काय? तो काळ पाहिलेले कोणीही म्हणेल, की घरातल्या संगणकांवर ऑपरेटिंग सिस्टिम असे काही दिसतच नसे. बटण दाबले की बेसिक भाषेचा पडदा समोर. 1984-85 मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या शालेय योजनेतून सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश यंत्रे बसवली गेली. दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त आवृत्ती भारतात विकली. या यंत्रांत सिस्टिम होतीच, पण ती चिपमध्ये कोरलेली. बीबीसी मायक्रोची तर 16 किलोबाइटची आणि बांधेसूद. आक्षेप असा, की मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लावली ती या यंत्रांनी, सीपी/एमने नाही. मग त्याला एवढे महत्त्व कशाला? गोडीचे श्रेय निःसंशय त्यांचे. पण या प्रत्येक यंत्राचे आपले खासगी बंदर होते. एकावर लिहिलेले दुसऱ्यावर जात नव्हते, आणि यंत्र बाजारातून गेले की त्यावरचा मजकूर त्याच्याबरोबर बुडाला. शिवाय महाराष्ट्रात, विशेषतः महाड-पोलादपूरसारख्या तालुक्यांत, ‘होम कॉम्प्युटर’ हा शब्दच लागू पडत नाही. संगणक इथे घरात आला नाही. तो बँकेत, कचेरीत, मग टायपिंगच्या क्लासमध्ये आला आणि घरात यायला पुढे कितीतरी वर्षे लागली. आला तो डॉसवर स्वार होऊन, म्हणजे किल्डॉलच्याच पेठेतून. त्या पेठेत मात्र एक माल उतरवून घेतला जात नव्हता: मराठी.

का नव्हता, याचे उत्तर नुसते ‘इंग्रजांची मक्तेदारी’ असे देणे सोपे आणि आळशी आहे. कारण यंत्रातच होते. सीपी/एम आणि डॉस ज्या आस्की संकेतावर उभे होते, त्यात सात बिटांच्या 128 जागा. त्यात रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे बसली की संपले. आठवा बिट मोकळा होता, म्हणजे आणखी 128 जागा मिळण्यासारख्या होत्या. पण मोकळी जागा दिसली की कोणीतरी पथारी पसरतोच. वर्डस्टारने हा आठवा बिट शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर स्वतःची खूण करायला वापरून टाकला होता. त्यातच पीसीवरच्या झपाट्याने चालणाऱ्या प्रोग्रामांना, लोटस वन-टू-थ्री हे त्यातले ठळक उदाहरण, सिस्टिममार्फत पडद्यावर लिहिणे मंद वाटू लागले. ते थेट पडद्याच्या स्मृतीत अक्षरे टाकू लागले. म्हणजे पेठ टाळून आडवाटेने माल नेणे सुरू झाले. आता मराठीसाठी पेठेवर कितीही हुशार माणूस बसवला, तरी त्याच्यासमोरून माल जाणारच नसेल तर तो काय करणार?

राज्यकारभाराच्या भाषेचा प्रश्न या तालुक्याला नवा नाही. रायगड महाड तालुक्यात येतो, आणि शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला तो याच गडावरच्या राजवटीत. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा, चौदाशेच्या आसपास शब्दांचा कोश. आज वाचताना त्यातले पुष्कळ पर्याय रुळले नाहीत, हे लगेच कळते. जनतेने दरवाजा आणि कागद हे शब्द सोडले नाहीत. पण कोशामागची जाण अचूक होती: कारभार ज्या अवजारांतून चालतो, त्या अवजारांत आपली भाषा नसेल तर ती दरबाराबाहेर उभी राहते. रघुनाथपंतांपुढे प्रश्न शब्दांचा होता. 1980 नंतरच्या अभियंत्यांपुढे अक्षरांचा.

त्याचे उत्तर कानपूरच्या आयआयटीत आकाराला आले. देवनागरी चालवणारा संगणक तिथे 1983 मध्ये तयार झाला होता. त्या गटातले मोहन तांबे पुढे पुण्यात 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणन संस्थेत आले आणि जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढले. जिस्टचे कार्ड पीसीच्या पोटात खोचायचे. ते पडद्याकडे जाणाऱ्या अक्षरांवरच नजर ठेवे. प्रोग्रामने कोणत्याही वाटेने अक्षर पाठवले तरी शेवटी ते पडद्यावर येणारच, आणि तिथे कार्ड त्याला गाठून देवनागरी वळण देई. आडवाटेने जाणाऱ्या मालासाठी नाका अगदी शेवटच्या टोकाला बसवला, असे म्हणा. त्यामुळे मराठीचा गंधही नसलेल्या डीबेससारख्या परक्या प्रोग्राममध्ये मराठी नावे भरता येऊ लागली. प्रोग्राम बिचारा समजे, आपण काही बाइट साठवतो आहोत.

कार्डापेक्षाही मोठे काम होते त्यामागच्या संकेताचे. इस्की या नावाने ओळखला जाणारा हा संकेत 1988 मध्ये सुधारला गेला आणि 1991 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस 13194 म्हणून स्वीकारला. त्यात जोडाक्षरे नाहीत. फक्त स्वर, व्यंजने, मात्रा आणि हलन्त. जोडणी करायची ती दाखवणाऱ्याने. ब्राह्मीतून निघालेल्या भारतातल्या प्रमुख लिप्यांना एकच तक्ता, त्यामुळे हिंदीला ज्याचे काम पडत नाही तो ‘ळ’ त्यात आपोआप आला. आणि ‘ऱ’ही. महाड-पोलादपूरच्या वाचकाला या अक्षराची किंमत वेगळी समजावून द्यायला नको. रफाराने लिहिला तर ‘दर्या’, म्हणजे समुद्र. डोंगरदऱ्यांमधला हवा तर ‘दऱ्या’. एका तालुक्यात भरतीचे पाणी, दुसऱ्यात सगळ्या दऱ्या, आणि फरक एका अर्ध्या अक्षराचा. इस्कीने तो फरक मांडला: ‘ऱ’ला हलन्त जोडला की त्याचे अर्धे, पापणीसारखे रूप होते.

इथे व्यवहारी माणूस हमखास विचारतो, की एवढा खटाटोप कशासाठी? क्लासमधल्या मुलांनी ‘डीआयआर’ आणि ‘कॉपी’ या आज्ञा इंग्रजीत पाठ केल्याच की नाही? केल्या, आणि त्यात कोणाचे काही बिघडले नाही. आज्ञा इंग्रजीत असण्याने भाषा मरत नाही. प्रश्न मजकुराचा होता. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा. म्हणजे कचेरीचा कागद मराठीत असणे हा कायदा होता. केंद्राची भूमी अभिलेख संगणकीकरणाची योजना 1988-89 मध्ये आठ प्रायोगिक जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता. सातबाऱ्यावरचे नाव रोमनमध्ये लिहून पाहा: ‘काळे’ आणि ‘काले’ एक होतात, ‘दातार’ आणि ‘डाटार’ एक होतात, आणि वारसाच्या भांडणात वकिलांची चंगळ होते. जमिनीच्या नोंदीला ळ आणि ल यांतला फरक हा साहित्याचा प्रश्न नसतो, मालकीचा असतो.

आता जिस्टची दुखरी बाजू. पेठेवरचा हुशार माणूस एका पाटीत बसलेला होता, आणि ती पाटी अक्षरांच्या पडद्यासाठी बनलेली होती. विंडोज आले आणि पडदा ठिपक्याठिपक्याने रंगवला जाऊ लागला. नाक्यावरून अक्षर म्हणून काही जाईनासेच झाले. कार्डे निकामी झाली. मग सुरू झाला फॉन्टचा जमाना. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूची आकृती, खुद्द सी-डॅकचे सुरेख आणि योगेश: लग्नपत्रिकेपासून साप्ताहिकापर्यंत सगळे यांवर छापले गेले, आणि देखणे छापले गेले. पण यांची रीत जुन्या छापखान्याची होती. जुळारी जसा केसमधून खिळे उचलून जुळवतो, तसे इथे अक्षरांचे तुकडे, काना, रफार, अर्धा श, इंग्रजी अक्षरांच्या घरांत ठेवले होते, आणि प्रत्येक कंपनीची केस निराळी. फाइलमध्ये मराठी नव्हतेच. मराठीसारखे दिसणारे इंग्रजी बाइट होते. फॉन्ट काढून घेतला की खाली उरे ती अगम्य रोमन खिचडी. जो गोंधळ मिटवण्यासाठी किल्डॉलने 1970 च्या दशकात थर वेगळे केले, तोच आपण 1990 च्या दशकात मजकुराच्या पोटात नव्याने घातला. मोडीतले दस्त वाचायला जसा जाणकार शोधावा लागतो, तसा या फाइलींनाही कन्व्हर्टर शोधावा लागतो. फरक इतकाच, की मोडी वाचता न येण्यासाठी दोन-तीन पिढ्या जाव्या लागल्या, इथे पंधरा वर्षे पुरली.

मग जिस्ट ही वाया गेलेली वाट होती, युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताची वाट पाहिली असती तर बरे झाले असते, असे काही तंत्रज्ञ म्हणतात. मला हे म्हणणे कालक्रमाच्या उलट वाटते. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची, आणि तिच्यातला देवनागरीचा तक्ता आकाशातून पडला नाही. तो 1988 च्या इस्कीवरून घेतला आहे. अक्षरांचा क्रम तोच, जोडाक्षरे न साठवण्याचे तत्त्व तेच. ‘ऱ’च्या अर्ध्या रूपाचा नियम सांगताना तर युनिकोडचे मानक इस्कीचे नाव घेऊन सांगते. वाट पाहिली असती, तर वाट पाहण्यासारखे काही तयारच झाले नसते. पुढे विंडोज 2000 मध्ये देवनागरी मुळातूनच आली, तेव्हा तिच्याबरोबरचा मंगल फॉन्ट रेखाटला होता तो र. कृ. जोशी यांनी, मराठीतल्या कवी-सुलेखनकाराने. कार्ड लागले नाही, फॉन्टची चलाखी लागली नाही. अक्षर जोडणारा माणूस या वेळी ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतच बसला होता.

किल्डॉल 11 जुलै 1994 रोजी वारला. सीपी/एमचा मूळ प्रोग्राम 2014 मध्ये कॅलिफोर्नियाच्या संगणक-इतिहास संग्रहालयाने सर्वांसाठी खुला केला. तलाठ्याच्या टेबलावरच्या संगणकात आजही पहिली डिस्क ‘सी’ असते, कारण ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे त्या जुन्या फ्लॉपींसाठी राखलेली आहेत आणि ती जागा कोणी परत मागितलेली नाही. आणि पोलादपूरहून कोणी मोबाइलवर पावसाळ्यातल्या दऱ्यांविषयी लिहिले, तर फोन आतल्या आत ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असे तीन आकडे त्याच क्रमाने पाठवतो. त्यात ‘ऱ’च्या जागी साधा ‘र’ पडला, की वाचणाऱ्यासमोर दर्या येतो.